आरंभरावांचे शंभर फोटो

एका रविवारी सकाळी, अर्धी दाढी झालेली आणि अर्धी व्हायची असताना, आरंभरावांनी ठरवलं की आजपासून रोज एक फोटो काढायचा. एकच कॅमेरा, एकच लेन्स, रोज एकच फोटो. उरलेली अर्धी दाढी त्या दिवशी राहूनच गेली आणि त्यावरून घरातल्यांनी काय ते ओळखलं.

आरंभराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कुठले आई-बाप मुलाचं असं नाव ठेवतील? ते मेव्हण्यानं ठेवलं आणि इतकं चपखल बसलं, की आता खरं नाव आठवायला बायकोलाही कपाटातला एखादा सरकारी कागद काढावा लागे. नावाचं कारण माळ्यावर होतं. तिथं तीन तारा शाबूत असलेली गिटार होती. चंद्र एकदाच बघितलेली दुर्बीण होती. 'तीस दिवसांत चित्रकला' या पुस्तकाची चौथ्या दिवसापर्यंतची पानं मळलेली होती, पुढची कोरी करकरीत. या माणसाला एका जागी चैन म्हणून पडत नसे. खुर्चीत बसले तर गुडघा हलायचा, उभे राहिले तर खिशातल्या किल्ल्या वाजायच्या.

"कॅमेरा कुठून आणलात?" बायकोनं विचारलं.

"आमच्या ऑफिसातल्या रेकॉर्डकीपरचा आहे. त्याला आता नकोय."

"त्याला का नकोय?"

"त्याचं मन रमलं नाही त्यात."

"आणि तुमचं रमणार!" बायको म्हणाली. लेक पलीकडे कॉलेजची वही उघडून बसली होती, ती वहीत तोंड घालून हसली.

कॅमेरा जुना होता आणि लेन्सला झूम नव्हता. लेकीनं दहा मिनिटांत त्याचं मर्म शोधून काढलं. "बाबा, ही आहे तिथून जेवढं दिसतं तेवढंच घेते. मोठं हवं तर तुम्ही पुढं जायचं, लहान हवं तर मागं. आणि फोकस हातानं. इथं रिंगवर अंतराचे आकडे आहेत बघा. समोरची वस्तू किती लांब आहे ते मोजायचं आणि तो आकडा लावायचा."

"मोजायचं कसं?"

"पावलांनी मोजा. नाहीतरी तुम्ही सारखे येरझाऱ्या घालताच."

हे 'पावलांनी मोजा' पुढं फार महागात पडणार होतं. पण त्या वेळी सगळ्यांना ती कल्पना झकास वाटली.

आता आरंभरावांची नोकरी सांगायला हवी. ते नगरपालिकेच्या बांधकाम परवानगी खात्यात कारकून होते. कुणी गच्चीवर खोली चढवली, दुकानापुढं पत्रा ओढला, गॅलरी बंद करून घेतली, की त्याचे अर्ज आणि नोटिसा आरंभरावांच्या टेबलावरून पुढं जात. (पुढं जात म्हणजे शेवटी जात. मध्ये बराच काळ ते तिथं विश्रांती घेत.) त्यांच्या स्वतःच्या घरालाही रस्त्याच्या बाजूला एक गॅलरी होती. सहा वर्षांपूर्वी बायकोनं खाली विटांचा कट्टा, वर काचेच्या सरकत्या खिडक्या आणि डोक्यावर पत्रा घालून तिची छोटी खोली केली आणि तिथं शिलाई मशीन मांडलं. "अहो, परवानगी लागते ना याला?" तिनं तेव्हा विचारलं होतं. "अगं, अर्ज केलाय मी," आरंभराव म्हणाले होते, "आणि तिथं बसतो कोण? मीच ना?" त्यावर तिचं समाधान झालं. शाळेच्या गणवेशांपासून उशांच्या अभ्र्यांपर्यंत अर्ध्या गल्लीचं शिवणकाम तिथून होई.

आरंभरावांचा डोळा त्या गॅलरीवर होता. छंदाला जागा लागते, असं त्यांचं म्हणणं. गिटार सुटली ती जागेअभावी, दुर्बीण सुटली तीही जागेअभावी.

"बरं," बायको म्हणाली आणि हातातली कात्री तिनं टेबलावर ठेवली. "शंभर दिवस. रोज एक फोटो, सूर्य मावळायच्या आत. शंभर झाले की गॅलरी तुमची, मी मशीन आतल्या खोलीत नेते. पण एक दिवस जरी चुकलात, तर कॅमेरा माळ्यावर आणि माळ्यावरचं सगळं भंगारात. त्यानंतर या घरात नवा छंद आणायचा नाही. कबूल?"

"बाबा, नाही म्हणा," लेक म्हणाली.

"कबूल!" आरंभराव म्हणाले. (शंभर दिवस म्हणजे नेमके किती हे त्यांना तेव्हा कुठं माहीत होतं?)

पहिले आठ दिवस घरातच गेले. बायकोचं कोपर, कुकरची शिटी, लेकीच्या चपला. झूम नसल्यामुळं फोटो काढताना मागं मागं जावं लागे, आणि दोन खोल्यांच्या घरात मागं जाऊन जाऊन माणूस जाणार कुठं? तिसऱ्या दिवशी ते पाण्याच्या बादलीत बसले. पाचव्या दिवशी कपाटावर आदळले. नवव्या दिवशी घरातलं सगळं संपलं आणि ऑफिसातून आल्या आल्या आरंभराव कॅमेरा गळ्यात अडकवून गल्लीत उतरले.

समोर औषधांचं दुकान होतं. दुकानापुढं निळा पत्रा, त्याच्या भोकांतून खाली रस्त्यावर उन्हाचे गोल गोल ठिपके पडलेले. आरंभराव हरखलेच. सात पावलं मागं गेले. मान वाकडी केली. दोन पावलं पुढं आले. पुन्हा मागं. "एक, दोन, तीन..." असं मोठ्यानं मोजत दुकानापर्यंत चालत गेले, खिशातून छोटी वही काढून त्यात आकडा लिहिला, परत जागेवर आले, रिंग फिरवली आणि फोटो काढला. औषधवाला गल्ल्यामागून हे सगळं बघत होता. गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध द्यायचं ते त्यानं पोटदुखीचं दिलं.

दुसऱ्या दिवशी बघतात तो पत्रा गायब. भिंतीला फक्त खिळ्यांची भोकं.

"पत्रा कुठं गेला?" आरंभरावांनी कळवळून विचारलं.

"काढला ना. तुम्ही सांगायच्या आत काढला."

"अरेरे! चांगला होता हो."

"चांगला तर होताच," औषधवाला घाम पुसत म्हणाला. "पण तुम्ही मोजलंत."

"मोजलं, पण जरा चुकलंच माझं. आज पुन्हा मोजायला आलो होतो."

औषधवाल्यानं मान डोलावली. या माणसाला आपल्याशी निदान गोड बोलावंसं वाटतं, एवढ्यावर त्यानं समाधान मानलं. संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली: नगरपालिकेनं आपल्या गल्लीवर गुपचूप माणूस सोडलाय, आणि तो आपल्यातलाच आहे.

आरंभरावांना याचा पत्ताच नव्हता. त्यांचं सगळं चित्त सूर्याकडं. ऑफिसात चार वाजले की त्यांची खुर्ची करकरायला लागे, पाच वाजता ते खिडकीशी जाऊन सूर्य किती उरलाय ते बघून येत, आणि साडेपाचला फाइलवर पेन तसंच उघडं टाकून पळत सुटत. रात्रीही डोळा लागायच्या आधी पहिला विचार हाच, की उद्या कशाचा?

समोरच्या घरात निवृत्त मुख्याध्यापक राहत. गच्चीवर त्यांनी पत्र्याची एक खोली केली होती, त्यात त्यांची पुस्तकं. बाविसाव्या दिवशी ते फाटकाशी आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "आमचा नंबर लागला का?"

कुणीतरी आपल्या छंदाची एवढी चौकशी करतंय, हे बघून आरंभरावांना भरून आलं. "तुमचा उद्या, सर! वरची खोली घेणार आहे. रस्त्यावरून इतकी ठसठशीत दिसते ना!"

"ठसठशीत दिसते?"

"कुणाच्याही डोळ्यांत भरेल. कधीची मनात आहे माझ्या."

"पण मी तुमच्या मुलीला गणित शिकवलंय हो," मुख्याध्यापक क्षीण आवाजात म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो. तुमचा फोटो मन लावून काढणार."

दुसऱ्या दिवशी आरंभराव पोहोचले तेव्हा अडुसष्ट वर्षांचे मुख्याध्यापक स्वतः शिडीवर चढून पत्रे उचकटत होते आणि पुस्तकांची खोकी दोरानं खाली उतरत होती. पत्रा सुटताना धुळीचा लोट उठला. आरंभरावांनी घाईघाईनं त्याचा फोटो काढला, मागं जाताना गटारात पाय घातला, आणि फोटो हलला. खरं सांगायचं तर त्यांचे सगळेच फोटो हलत. त्यांचे हातच स्थिर नव्हते, त्याला बिचारा कॅमेरा काय करणार?

चाळिसाव्या दिवसापर्यंत गल्ली ओळखू येईनाशी झाली. केशकर्तनालयाची पायरी गेली. सायकलवाल्याची टपरी दोन हात मागं सरकली. आरंभराव दिसले की कुणीतरी खोकायचं, आणि पुढं घरोघरी वाढीव बांधकामांवर चादरी टाकल्या जायच्या. जे कधी बोलत नसत ते वाकून नमस्कार करू लागले, आणि जे रोज बोलत ते बोलेनासे झाले. आरंभराव मात्र वेगळ्याच काळजीत. जे आवडावं ते दुसऱ्या दिवशी नाहीसं होई. एका लेन्सनं, एका गल्लीत, आणि गल्लीत काहीच शिल्लक नाही, तर माणसानं शंभर फोटो काढायचे कशाचे?

साठाव्या दिवशी ताप होता, त्यांनी थर्मामीटरचा फोटो काढला. एकाहत्तराव्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, त्यांनी आभाळाचाच काढला. पण दिवस चुकवला नाही. मेव्हणा दर रविवारी फोन करून विचारी, "सुटलं का?" बायको म्हणे, "नाही रे." त्या 'नाही रे'त आधी आश्चर्य असायचं. पुढं पुढं त्यात थोडा अभिमान यायला लागला. पण आरंभरावांना तो ऐकू आला नाही, कारण ते तेव्हा उजेड बघायला खिडकीत गेलेले असत.

शहाण्णवाव्या दिवशी घात व्हायची वेळ आली. साहेबांनी साडेचारला मीटिंग घेतली आणि ती लांबतच गेली. साहेबांच्या पाठीमागच्या खिडकीत सूर्य खाली खाली जात होता. आरंभरावांच्या गुडघ्यानं टेबल हलायला लागलं. पाण्याचे पेले थरथरू लागले. सूर्याची नुसती कड उरली तेव्हा त्यांना राहवेना. ते उठले, तीन पावलं मागं गेले, दाराला टेकले आणि साहेबांच्या टकलाचा फोटो काढून मोकळे झाले.

सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, रोज एक... आजचा राहिला होता."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे ते तुम्ही! अहो, तुमच्या गल्लीतून अकरा पत्रं आलीत. 'आम्ही आमचं वाढीव बांधकाम आपण होऊन काढलं आहे, नोंद घ्यावी.' नोटीस नाही, पोलीस नाही, काही नाही. मी विचार करत होतो, हे केलं कुणी?"

आरंभरावांच्या डोक्यात निळा पत्रा, दोरानं उतरणारी पुस्तकं आणि त्या सगळ्या चादरी एकापाठोपाठ एक लख्ख उभ्या राहिल्या. "साहेब, तो छंद आहे हो माझा," ते कसंबसं म्हणाले.

"छंद असावा तर असा! शंभर पूर्ण करा आणि सगळे फोटो अल्बम करून मला द्या. वर पाठवतो."

इथं आरंभरावांनी पाय रोवून खरं सांगायला हवं होतं. पण आजवर त्यांचे सगळे फोटो बघायला कुणी मागितले नव्हते. लेकसुद्धा बाराव्या फोटोनंतर उठून जाई. ते "हो साहेब" म्हणाले.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. बायकोनं मशीन थांबवलं.

"मला वाटलंच होतं. पंधरा दिवस माझ्याकडं एक गिऱ्हाईक फिरकलेलं नाही. बायका रस्त्यातून विचारतात, अहो घरात आहेत का? आणि मुख्याध्यापकांची पुस्तकं जिन्याखाली पडलीत, ठाऊक आहे?"

"मी मुद्दाम नाही गं केलं."

"तुम्ही मुद्दाम कधी काय केलंय!" ती म्हणाली आणि तिनं पुन्हा पाय मारायला सुरुवात केली, जरा जास्तच जोरात.

शंभराव्या दिवशी आरंभराव साडेचारलाच गल्लीत उतरले आणि तासभर या टोकापासून त्या टोकापर्यंत वणवण फिरले. दारं लागलेली, खिडक्या लागलेल्या, भिंती बोडक्या. सायकलवाला टपरीवर चादर टाकून स्वतःही तिच्याखाली बसला होता. ऊन पिवळं झालं, मग तांबूस झालं. आरंभराव रडकुंडीला आले. मागं सरकता सरकता त्यांची पाठ मुख्याध्यापकांच्या कुंपणाच्या भिंतीला टेकली. आता मागं जायला जागाच नव्हती. त्यांनी वर पाहिलं.

वर त्यांची स्वतःची गॅलरी होती. चारही काचांत ऊन पेटलेलं, आत बायको मशीनवर वाकलेली, दातांत दोरा, आणि तिच्यामागं लेक चहाचा कप घेऊन उभी. बायकोनं मान वर केली आणि हा माणूस शेवटच्या दिवशीही वेळेत करतोय का, अशा काळजीनं रस्त्यावर शोधलं. शंभर दिवस आपण फोटो शोधत गल्लीभर हिंडलो आणि ही सहा वर्षं रोज इथंच बसलेली आहे, हे आरंभरावांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. आणि आपण हिला या उजेडातून उठवायला निघालो होतो! त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी पावलं मोजलेलीच होती, रिंग फिरवली. पाठ भिंतीला होती म्हणून की आणखी कशानं कोण जाणे, त्यांचे हात अजिबात हलले नाहीत.

"गॅलरी तुझीच," वर येऊन ते म्हणाले. "मला नको."

"अहो, पण तुम्ही जिंकलात!" बायको म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पुरं केलंत."

त्या रविवारी मेव्हण्यानं फोन केला, तेव्हा बायकोनं त्याला नवऱ्याचं खरं नाव घेऊन शंभर पुरे झाल्याचं सांगितलं. तिला ते सरकारी कागद न बघता आठवलं.

सोमवारी आरंभरावांनी साहेबांपुढं अल्बम ठेवला. घरचे आणि इतर किरकोळ फोटोही त्यात होते, शंभरावाही होता. नव्व्याण्णवच दिले तर काम अर्धवट दिसलं असतं, आणि अर्धवट या शब्दाची त्यांना आता चीड आली होती.

साहेब पानं उलटू लागले. "हे काय आहे?"

"मुख्याध्यापकांची खोली, साहेब."

"मला ढग वाटला. आणि हे?"

"तो ढगच आहे, साहेब."

साहेबांचा उत्साह पानागणिक मावळत गेला. पुरावा म्हणावा असं एक चित्र नव्हतं. औषधवाल्याचा पत्रा पाण्यात पडल्यासारखा, सायकलवाल्याची टपरी पळत सुटल्यासारखी. शेवटचं पान आलं आणि साहेब ताठ बसले. त्यांनी खणातून भिंग काढलं.

"वा! याला म्हणतात फोटो. विटांचा कट्टा, चार सरकत्या काचा, पत्रा, रस्त्यावर दोन-अडीच फूट पुढं आलेला. स्क्रूसुद्धा मोजता येतायत. हे कुणाचं?"

आरंभरावांच्या खिशातल्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

"परवानगीचा अर्ज केलेला आहे, साहेब," ते खालच्या आवाजात म्हणाले.

"कधी?"

"सहा वर्षांपूर्वी."

"सहा वर्षं? कुणाच्या टेबलावर अडलाय?"

नोटीस त्याच दिवशी निघाली. ती लिहिणं, बजावणं आणि उत्तर आल्यावर त्यावर मत देणं हे त्या कारकुनाचं काम असल्यामुळं आरंभरावांनी ती स्वतः लिहिली, स्वतः घरी आणली, आणि बायकोची सही घेतली. मग ते एका जागी गप्प बसून राहिले. गुडघासुद्धा हलेना, तेव्हा बायको घाबरली.

"गॅलरी माझी म्हणालात ना?" ती म्हणाली. "मग उत्तर मी देते."

तिनं लिहिलेलं उत्तर तिसऱ्या दिवशी आरंभरावांच्याच टेबलावर आलं. 'सदर कारवाई केवळ एका फोटोवर आधारलेली आहे. फोटो काढणाऱ्या इसमाचे उरलेले नव्व्याण्णव फोटो पाहावेत. या इसमास मुळीच फोटो काढता येत नाहीत. तरी त्याचा एखादा फोटो पुरावा म्हणून धरू नये, ही विनंती.'

खाली रकाना होता: कारकुनाचे मत. आरंभराव तास-दीड तास त्या रकान्याकडं बघत बसले. शंभर दिवसांची तपश्चर्या, आयुष्यातली एकमेव पुरी झालेली गोष्ट, तिच्यावर स्वतःच्या हातानं बोळा फिरवायचा! एकीकडं तो शेवटचा फोटो, दुसरीकडं त्या फोटोतली बाई. शेवटी त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, 'अर्जदाराच्या म्हणण्यात तथ्य आहे.' सही केली, शिक्का मारला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा बाहेरून आलेला एक कागद त्यांच्या टेबलावरून त्याच दिवशी पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या शेऱ्यासह परत आला. 'कारकुनाचे मत मान्य. त्यांना फोटो काढता येत नाहीत. फोटो रद्द समजावा. गॅलरी मात्र मी काल घरी जाताना स्वतः पाहिली. वाढीव भाग आठ दिवसांत काढावा.'

नोटीस खुद्द आरंभरावांच्याच घरावर आली म्हटल्यावर काचा आणि पत्रा उतरवायला सगळी गल्ली जमली. चादरी निघाल्या, दारं उघडली. औषधवाल्यानं स्वतःची पक्कड आणली. मुख्याध्यापकांनी शिडी धरली, आणि आरंभराव पायऱ्या चढत असताना हळूच म्हणाले, "ठसठशीत दिसत होती हो." आरंभरावांनी त्यांना वरूनच सांगितलं, की खालच्या कट्ट्याच्या विटा उरतील, त्यावर फळ्या टाकून पुस्तकांचं कपाट होईल, आणि ते मी स्वतः बांधून देईन. (बायकोनं हे ऐकून लगेच विचारलं, "कधीपर्यंत?")

संध्याकाळी उघड्या गॅलरीत मशीन तसंच होतं. डोक्यावर आभाळ, तिन्ही बाजूंनी ऊन, खाली तीन बायका शिवायचं कापड घेऊन उभ्या. "अहो, काय उजेड आहे!" केशकर्तनालयवाला म्हणाला. "सगळ्यांचा एक फोटो होऊन जाऊ दे!"

सगळे हसत गॅलरीखाली उभे राहिले. आरंभरावांचा ऊर भरून आला. ते कॅमेरा गळ्यात अडकवून सात पावलं मागं गेले.

"तुम्ही नको," बायको वरून ओरडली. "तुम्हाला फोटो काढता येत नाहीत, असा सरकारी कागद आहे आपल्याकडं. खाली सही तुमचीच आहे."

फोटो लेकीनं काढला. त्यात सगळी गल्ली स्वच्छ आली आहे. हलले आहेत फक्त आरंभराव.